वर्षातून चार दिवसांची करवत

आमच्या पडवीत खुंटीला ५८ सीसीची पेट्रोलवरची करवत टांगलेली आहे. २२ इंची बार (दातांची चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी), नारिंगी रंग. बघणाऱ्याला वाटावं, या घरात कोणी लाकूडतोड्याच राहतो. तिनं जन्मात एकूण तीन तास काम केलंय, फार तर साडेतीन. बाकी वेळ ती खुंटीला असते आणि आत्या तिच्या मुठीत छत्री अडकवते.

गेल्या वर्षी मी दुसरी करवत घेतली. पहिली घेताना अर्धा तास गेला होता, दुसरीला दीड महिना.

घर दापोली तालुक्यात. मी पुण्यात, आत्या तिथे एकटी, मदतीला येऊन-जाऊन एक बाई. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या खाली किनाऱ्याला लागलं आणि आमच्या आवारात दोन रायवळ आंबे, एक फणस आणि सात माड आडवे झाले. पोफळी मोजल्याच नाहीत. मी ई-पास काढून पोचलो तेव्हा घराकडे जायला पाखाडीवरून वाट नव्हती, ओंडक्यांवरून चढउतार करत जावं लागलं. लाइट आली एकोणचाळिसाव्या दिवशी. तालुक्यातला प्रत्येक कटरवाला पंधरा-पंधरा दिवस पुढे बुक झालेला. (आमच्याकडे चेनसॉ कुणी म्हणत नाही. मशीन म्हणजे कटर आणि ते चालवणारा कटरवाला.) आमच्या वाडीतल्या कटरवाल्याचा नंबर लागायला अठरा दिवस गेले. तो आला तोही कुरकुरतच. ‘माड सांगू नको मला, आंबा दे,’ म्हणाला. माडाचं खोड म्हणजे नुसते धागे. चेनचे दात बघता बघता बोथट होतात आणि भुशाच्या जागी काथ्या अडकतो. त्यात आडवा पडलेला माड मातीत रुतलेला. चेन एकदा मातीला लागली की धार गेलीच.

त्या अठरा दिवसांच्या रागात मी दिवाळीत करवत मागवली. सीसी जास्त, बार लांब, किंमत साडेसहा हजार. एवढंच बघितलं. दिवाळीत तिनं उरलेला आंबा झकास कापला. मी तिला पुसून, टाकीत अर्धं पेट्रोल तसंच ठेवून, खुंटीला लावली आणि पुण्याला परतलो.

मे महिन्यात दोरी ओढली. पंधरा वेळा, वीस वेळा. खांदा दुखायला लागला, करवत ढिम्म. तालुक्याच्या गावी एका मेकॅनिकला दाखवली. त्यानं कार्बोरेटर उघडला तर आत मधासारखा चिकट थर, पडदा कडक झालेला आणि पेट्रोलची नळी फुगून मऊ पडलेली. सातशे रुपये. पुढच्या वर्षी तेच, पुन्हा सातशे. टू-स्ट्रोकचं पेट्रोल म्हणजे लिटरमागे मोजून ऑइल घालायचं, या करवतीला ४० मिली. ते मिश्रण महिन्याभरात वापरून टाकायचं, नाहीतर टाकी रिकामी करून, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मग ठेवायचं. पुस्तिकेत हे सगळं लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. आता तर पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. कोकणातली हवा, पावसाळ्याचे चार महिने. अर्ध्या टाकीचं आत काय होत असेल ते सांगायला नको. शिवाय अर्धा लिटर पेट्रोल आणायचं तर पंपावर बाटलीत देत नाहीत, मग मोटरसायकलच्या टाकीतून नळीनं ओढा. तिसऱ्या वर्षी मी ती खाली काढलीच नाही.

गेल्या एप्रिलमध्ये आत्याचा फोन. ‘फणसाची फांदी कौलांवर आलीय. पावसाच्या आत काढली नाहीस तर या खेपेस छपरासकट खाली येईल. पण फणस उतरवून झाल्यावर हो, आधी नाही.’

कटरवाल्याला विचारलं. तो आणि मी लहानपणी मे महिन्यात एकत्र क्रिकेट खेळलेलो, त्यामुळे अरे-तुरे. ‘एका फांदीसाठी नाही येत बाबा. दिवसाचं काम असेल तर सांग. दोन हजार आणि पेट्रोल तुझं.’ त्याचंही बरोबर होतं.

या वेळी मी उलट बाजूनं सुरुवात केली. करवती बघायच्या आधी लाकूड बघितलं. आत्याकडून शिवणाची टेप घेतली आणि आवारात फिरलो. आमच्याकडे खरोखर कापायला काय असतं? आगोटीची लाकडं, म्हणजे पावसाळ्याआधी चुलीला आणि बंबाला भरून ठेवायची ती: काजू, ऐन, वाळकी रायवळ. बहुतेक मनगटापासून मांडीइतकी, सहा-सात इंच. आंबे उतरवल्यावर कलमांच्या वाळक्या आणि बांडगूळ लागलेल्या फांद्या, त्या तीन-चार इंच. एखादा पडलेला माड, दहा-बारा इंच. फणसाची ती फांदी खालून नजरेनंच नऊ इंच धरली. अख्खा आंबा किंवा फणस पाडायचा प्रश्नच नव्हता. ती झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली, परवानगीशिवाय हात लावायचा नाही, आणि ते माझं कामही नव्हे. सगळं मिळून वर्षाचे चार दिवस, आणि त्यात प्रत्यक्ष चेन फिरते असे तास जेमतेम सहा. २२ इंची बार मी कशासाठी घेतला होता, देव जाणे. चौदा-सोळा इंची बार पुरतो, आणि त्याहून जाड आलंच तर दोन्ही बाजूंनी कापता येतं.

मग पावलं मोजली. पडवीतल्या प्लगपासून लाकडं रचतो त्या मांगरापर्यंत बावीस पावलं. फणसापर्यंत चौदा. सगळ्यात लांबच्या कलमापर्यंत शंभरावर. म्हणजे जाड लाकडाचं जवळपास सगळं काम विजेच्या आवाक्यात होतं, आणि लांब होत्या त्या फक्त तीन-चार इंची फांद्या. त्यांना हातकरवत पुरते.

हा हिशोब कागदावर आल्यावर माझा प्रश्नच बदलला. कुठली करवत जास्त जोरात कापते हे मी आता शोधत नव्हतो. वर्षातले तीनशे साठ दिवस नुसती पडून राहिली तरी जी बिघडणार नाही, ती मला हवी होती.

मावसभावाकडे बॅटरीवरची चिमुकली करवत आहे, सहा इंची बारची, एका हातात मावणारी. ती चार दिवस उसनी आणली. काजूच्या फांद्यांना छान. बांडगूळ काढायला तर खेळणंच. पण सात इंची ऐनाला लावली तर बार पुरेना, दोन्हीकडून घालून कसंबसं कापलं आणि दुसऱ्या ओंडक्याला बॅटरी संपली. एका हातात मावते म्हणून माणूस ती एकाच हातात धरतो आणि दुसऱ्या हातानं फांदी पकडतो, हेही मी स्वतः केलं आणि दचकून थांबलो. बॅटरीवरच्या मोठ्या करवती चांगल्या निघाल्यात, पण बॅटरी-चार्जरसह किंमत माझ्या बजेटच्या कितीतरी पुढे, आणि बॅटरीही महिनोन् महिने रिकामी पडून राहिलेली चालत नाही.

पेट्रोलच्या चांगल्या लहान करवतीही हातात घेऊन बघितल्या. स्टील (Stihl) कंपनीची ३० सीसीची, चार किलोच्या आसपास. हातात घेतली आणि माझ्या नारिंगी राक्षसाची लाज वाटली. जिथे वीज पोचत नाही तिथे बाग असती तर वीस हजार घालून तीच घेतली असती. पण टाकी रिकामी करायची शिस्त माझ्यात नाही, हे मला तीन वर्षांत कळलेलं होतं.

राहिली वायरवाली. ‘वादळात लाइट जाते तेव्हा काय करशील?’ हा प्रश्न मला निदान पाच जणांनी विचारला. उत्तर असं की, वादळानंतर पहिल्या दिवशी वाट मोकळी करायला कुऱ्हाड लागते, आणि मोठी झाडं उचलायला कटरवाला लागतोच. बाकीचे ओंडके कुठे पळून जात नाहीत. हे उत्तर पूर्ण समाधानाचं नाही, मला माहीत आहे. पण २०२० सारख्या वर्षासाठी म्हणून घेतलेली करवत २०२१ मध्ये सुरू झाली नव्हती.

पुण्यात भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या बाजूला, एका अवजारांच्या दुकानात गेलो. दुकानदार काका सत्तरीचे. मी वॉटेजचं बोलायला लागलो तसे म्हणाले, ‘साहेब, वॉट सगळ्यांवर सारखेच छापतात. तुम्ही ब्रेक बघा.’

त्यांनी काउंटरवर दोन करवती ठेवल्या. दोन्ही १६ इंची, दोन्हींवर १८०० वॉट लिहिलेलं, फरक अठराशे रुपयांचा. पुढच्या मुठीपुढे हाताला आडवं येणारं प्लॅस्टिकचं कवच दोन्हींना होतं. प्लग लावून त्यांनी पहिली सुरू केली आणि खटका दाबलेला असतानाच ते कवच मनगटानं पुढे ढकललं. चेन जागच्या जागी थांबली, खट्. दुसरीचं कवच ढकललं तर ते नुसतं हललं आणि चेन आपली फिरतेच आहे. ‘ही शोभेची,’ म्हणाले.

तो ब्रेक कशासाठी, हे तिथेच समजून घेतलं. बारच्या टोकाचा वरचा अर्धा भाग लाकडाला टेकला की चेन तिथे चावते आणि अख्खी करवत उसळून कापणाऱ्याच्या तोंडाकडे येते. डोळ्याची पापणी लवायच्या आत. त्या वेळी डावा हात पुढच्या मुठीवर घट्ट असेल तर मनगट त्या कवचाला लागतं आणि चेन थांबते. वाडीत अर्ध्या चड्डीत, पायात स्लिपर घालून कटर चालवणारे मी लहानपणापासून बघत आलोय, त्यामुळे हे यंत्र किती वाईट आहे हे मला तोवर नीट जाणवलं नव्हतं. अठराशे रुपये जास्त देऊन पहिली घेतली. जपानी मकिता कंपनीची तिच्या शेजारीच होती, बांधणीला उजवी, पण दुपटीहून महाग. वर्षाच्या सहा तासांसाठी नको म्हटलं.

काकांनी मी न विचारताच आणखी एक चेन पिशवीत टाकली. ‘करवत कुठेही मिळेल. हिची चेन तुमच्या गावात मिळते का, ते आधी बघायचं असतं.’ नारिंगीच्या बाबतीत मी इथेच फसलो होतो. तालुक्याला मिळणाऱ्या चेनी १८ इंची बारच्या, माझ्या बारला दुवे कमी पडायचे. या करवतीची चेन ‘तीन-अष्टमांश इंच लो प्रोफाइल’ या मापाची, ५६ दुव्यांची. फोन करून कटरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, दापोलीत मिळते. मग पैसे दिले.

पुढची खरेदी विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत. १८०० वॉट म्हणजे आठ अँपिअरच्या आसपास. घरात इस्त्रीला वापरतो ती बारीक एक्स्टेंशन तीस मीटर ओढली तर व्होल्टेज वायरीतच गळतं आणि मोटर तापते. २.५ चौरस मिलिमीटरची, तीन तारांची, तीस मीटर केबल घेतली, १६ अँपिअरचा प्लग लावून. करवतीच्या निम्म्या किमतीची वायर! बायकोनं बिल बघून विचारलं, ‘नक्की काय आणायला गेला होतास?’ पडवीतला प्लग साधा, सहा अँपिअरचा होता. तो बदलून घेतला आणि त्या लाइनीला विजेची गळती पकडणारा ब्रेकर बसवला. वायरवर पाय पडणार, पाणी सांडणार, कधीतरी चेनही लागणार. तिथे काटकसर नको वाटली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात गावी. लांब पँट, गमबूट, चष्मा. आत्यानं मला बघून ‘युद्धावर निघालास काय रे?’ एवढंच विचारलं आणि पडवीच्या पायरीवर सुपारी कातरत बसली, बघायला.

बारला लागणारं ऑइल वेगळं मिळतं, चिकट असतं. कटरवाला म्हणाला होता, गाडीतलं काढलेलं काळं ऑइल टाक, फुकट. तो स्वतः तेच टाकतो. पण त्यात लोखंडाची कीस असते आणि ते चेनला धरून राहत नाही, उडतं. उडणार कुठे, तर आत्याच्या अळवात. नवं ऑइल घातलं, आणि चेन फिरत असताना बारचं टोक सिमेंटच्या रिकाम्या पोत्यासमोर धरून बघितलं. पोत्यावर तेलाची बारीक रेघ उमटली म्हणजे पंप चालू.

पहिल्या दहा मिनिटांत चेन सैल होऊन बारखाली लोंबायला लागली. घाबरलो. पण नवी चेन ताणतेच. गार होऊ दिली, मग आवळली: हातानं ओढली तर फिरली पाहिजे, पण खालून ओढली तरी खाचेतून पूर्ण बाहेर येता कामा नये. ते बरोबर जमायला मला तीन खेपा लागल्या.

आणि मग ऐनाचा ओंडका. दोन्ही टोकं दगडांवर टेकवून मध्ये वरून कापायला लागलो. अर्ध्याहून खाली गेल्यावर ओंडका मधोमध वाकला, चीर मिटली आणि बार आत घट्ट. ओढतोय, हलवतोय, काही नाही. आत्या पायरीवरून म्हणाली, ‘पाचर मार.’ प्लग काढला. तिनं मांगरातून तिच्या सासऱ्यांच्या वेळची शिसवी पाचर आणून दिली. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं दोन ठोके, चीर उघडली, बार सुटला. दोन्हीकडून टेकलेलं लाकूड मध्ये कापायचं तर वरून थोडंसं कापून उरलेलं खालून वर यायचं. एका बाजूनं लोंबणारं असेल तर उलट. हे मी वाचलेलं होतं. पण वाचलेलं हातात उतरायला एक ऐनाचा ओंडका लागतो.

संध्याकाळी सहानंतर करवतीचा आवाज खाली आला, दमल्यासारखा. फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर बघितलं तर आकडा १८५. वाडीत सगळ्यांचे पंप सुरू होतात ती वेळ. तेव्हापासून कापणं सकाळीच.

तिसऱ्या दिवशी लाकडातून चोयांऐवजी पिठासारखा भुसा पडायला लागला. म्हणजे धार गेली. कटरवाला संध्याकाळी चहाला आला तेव्हा त्यानं शिकवलं. चार मिलिमीटरची गोल कानस, दाताला तीस अंशांत, नेहमी आतून बाहेर, परत आणताना उचलून. प्रत्येक दाताला मोजून तेवढेच हात. दात एक डावा, एक उजवा असे असतात. आधी एका बाजूचे सगळे, मग करवत फिरवून दुसऱ्या बाजूचे. कानस घासताना बदललेला आवाज कानाला कळतो, खरखर संपून सुळकन जाते.

त्या दातांची एक गंमत त्याला सांगितली. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाच्या माणसानं लाकडात किड्याची अळी बघितली. ती डावीकडे-उजवीकडे कुरतडत पुढे सरकत होती, लाकूड आडवं असो की उभं. त्यावरून त्यानं १९४७ मध्ये असे डावे-उजवे दात असलेली चेन काढली, आजच्या चेनी तिच्याच वंशातल्या. कटरवाला कानस थांबवून म्हणाला, ‘म्हणजे भिरूडच की!’ आणि समोरच्या कलमाकडे बघून त्यानं एक शिवी हासडली. त्याच्या वडलांची तीन कलमं भिरुडानं खाल्लीयत.

राहिली ती फणसाची फांदी, जिच्यासाठी हे सगळं झालं. फणस उतरवले, मी शिडी लावली, चार पायऱ्या चढलो आणि उतरलो. खांद्याच्या वर करवत धरायची नाही, शिडीवर उभं राहून तर मुळीच नाही, हे तोवर मला पुरतं पटलेलं होतं. शेवटी कटरवाल्यालाच गळ घातली. चहाच्या ओळखीवर तो आठशेत तयार झाला. वर चढला, फांदीला दोर बांधला, आधी खालून खाच घेतली, मग वरून. दोराचं दुसरं टोक मी आणि त्याचा भाचा आंब्याला वळसा देऊन धरून उभे. फांदी झुलत झुलत खाली आली, एक कौल फुटलं, बस्स. टेपनं मोजली तर साडेदहा इंच.

खाली आल्यावर तिचे तुकडे मी केले, चाळीस मिनिटांत. तो विडी ओढत बघत होता. ‘आवाजच नाही रे हिला,’ म्हणाला. मग वायर उचलून हातावर तोलून बघितली. ‘ही कितीला पडली?’

सांगितलं तर विडी विझेपर्यंत काही बोलला नाही.

फणसाच्या चिकानं चेन, बार, माझे हातमोजे, सगळं एकजीव झालेलं. रॉकेल आता मिळत नाही. मी पेट्रोल शोधायला निघालो तेवढ्यात आत्यानं आतून खोबरेलाची वाटी आणि जुना टूथब्रश आणून पायरीवर ठेवला. फणस फोडताना ती हाताला लावते तेच तेल. एकेक दात घासत बसलो. ‘आणि प्लग काढलायस ना आधी?’ तिनं विचारलं. काढला नव्हता.